आलिशान गाडीचं ॲव्हरेज आणि एसटीचं डिझेल

आपल्याकडे कुणी नवीन गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" मोटारसायकल असो, छोटा हत्ती असो, नाहीतर मर्सिडीज. आणि मर्सिडीजवालाही अभिमानाने सांगतो, "डिझेल आहे, हायवेला पंधरा जाते." एवढं मोठं धूड आणि पंधरा? आपण मान डोलावतो. पण या ॲव्हरेजमागे इंजिन किती आणि सरकारी धोरण किती, हे कुणी विचारत नाही. त्याचाच हा इतिहास. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय शेवटी आपल्या एसटीवर येतो.

सुरुवात जर्मनीत होते. फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने '२६० डी' ही गाडी मांडली. तोपर्यंत डिझेल इंजिन म्हणजे ट्रक, जहाज, कारखाना. प्रवासी कारमध्ये ते बसवून नियमित उत्पादन करणाऱ्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी ही एक. इंजिन २.६ लिटरचं, ताकद फक्त ४५ अश्वशक्ती, आणि आवाज ट्रकचाच. पण १०० किलोमीटरला साधारण ९ लिटर डिझेल लागायचं, म्हणजे लिटरला ११ किलोमीटर. तशाच पेट्रोल गाडीला १३ लिटर लागायचे. ही गाडी पहिल्यांदा कुणी उचलली असेल? टॅक्सीवाल्यांनी. ज्याचं पोट किलोमीटरवर चालतं, त्याला हा हिशेब आधी कळतो.

यात जादू काही नाही. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापून इंधन आपोआप पेटतं, स्पार्क प्लग लागत नाही. जास्त दाब म्हणजे तेवढ्याच इंधनातून जास्त काम. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही जास्त असते. इथपर्यंत श्रेय इंजिनिअरचं, आणि ते द्यायलाच हवं.

दुसरं वळण १९७३ चं. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. पिंपामागे ३ डॉलरच्या आसपास असलेलं तेल काही महिन्यांत १२ डॉलरच्या घरात गेलं. अमेरिकेत पंपांवर रांगा लागल्या. १९७५ मध्ये तिथे कायदा झाला की प्रत्येक कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या कारची सरासरी काढायची आणि ती ठरलेल्या आकड्याच्या वर हवी. १९८५ सालासाठी तो आकडा होता गॅलनला २७.५ मैल, आपल्या भाषेत लिटरला ११.७ किलोमीटर. छोटी कार विकणारा असो की आलिशान, तेव्हा माप सगळ्यांना एकच होतं. मर्सिडीजने तिथे डिझेल गाड्यांवर जोर दिला. तरी पुढे सरासरी गाठता आली नाही म्हणून कंपनीने दंडही भरला. म्हणजे जास्त तेल पिणारी गाडी विकायला मनाई नव्हती, पण त्याची किंमत कंपनीला मोजावी लागत होती.

आता आपल्याकडे या. १९९५ मध्ये टेल्कोच्या मदतीने पिंपरी-चिंचवडमध्ये मर्सिडीज ई-क्लासची जुळणी सुरू झाली. मधल्या आकाराची आलिशान सेडान. पेट्रोलची ई २२० आणि पाच सिलिंडरची डिझेल ई २५० डी. किंमत वीस लाखांच्या पुढे, तीही १९९५ साली! पुढे २००९ मध्ये कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. तोवर डिझेल इंजिन सुधारली होती, आवाज गेला होता, ताकद आली होती, आणि आलिशान गाडी डिझेलचीच घ्यायची हे रूढ झालं होतं.

का? नुसतं ॲव्हरेज चांगलं म्हणून नाही. आपल्याकडे डिझेल स्वस्त ठेवलेलं होतं म्हणूनही. ते स्वस्त ठेवलं होतं शेतकऱ्याच्या पंपासाठी, ट्रॅक्टरसाठी, मालवाहतुकीसाठी, एसटीसाठी. पण पंपावरची नळी काही विचारत नाही की समोर ट्रॅक्टर आहे का ई-क्लास.

जून २०१० मध्ये पेट्रोलचा दर बाजारावर सोडला, डिझेलचा सरकारच्या हातात ठेवला. दरी वाढत गेली. मे २०१२ अखेर दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर होतं आणि डिझेल ४१ रुपयांच्या आसपास. आता वही घेऊन गणित करा. शिक्षकाची छोटी पेट्रोल कार लिटरला १५ किलोमीटर देते असं धरा. किलोमीटरला खर्च ४ रुपये ८७ पैसे. आलिशान डिझेल सेडान शहर-हायवे मिळून १२ देते असं धरा. किलोमीटरला ३ रुपये ४२ पैसे. दुप्पट वजनाची, कित्येक पट किमतीची गाडी छोट्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे जवळपास दीड रुपयाने स्वस्त पळत होती. हा इंजिनिअरिंगचा चमत्कार नव्हता, दरातला फरक होता. आणि तो फरक सरकारी तिजोरी आणि तेल कंपन्या भरत होत्या, म्हणजे फिरून आपणच.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. किरीट पारीख समितीने फेब्रुवारी २०१० च्या अहवालातच सुचवलं होतं की डिझेल कारवर ८० हजार रुपये जादा अबकारी कर लावा. ते अमलात आलं नाही. नंतर पेट्रोलियम मंत्रालयाच्या विभागाने डिझेल कुठे जातं याची पाहणी करून घेतली. त्यात दिसलं की शेतीकडे जातं सुमारे १३ टक्के, आणि खासगी कार-जीपकडेही सुमारे १३ टक्के. यात आलिशान सेडान मोजक्याच, बाकीच्या साध्या गाड्या, हे मान्य. पण ज्याच्या नावाने सवलत होती त्याच्याइतकाच वाटा खासगी गाड्यांनी उचलला, हे आकड्यात आलं.

आता खरी गोष्ट. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने सवलत कमी करायला घेतली. किरकोळ पंपावर दर महिन्याला साधारण ५० पैसे वाढवायचे ठरलं. आणि घाऊक खरेदीदारांना? त्यांना एकदम बाजारभाव, लिटरमागे सुमारे १० रुपयांची वाढ एका रात्रीत. घाऊक खरेदीदार म्हणजे कोण? रेल्वे, लष्कर आणि राज्यांची परिवहन महामंडळं. म्हणजे ज्या लाल डब्यातून शाळेची पोरं आणि बाजाराला जाणाऱ्या आयाबाया प्रवास करतात, तिचं डिझेल महाग, आणि ई-क्लासचं स्वस्त! अनेक राज्यांत महामंडळांना आपला डेपोचा पंप सोडून बस रस्त्यावरच्या पंपावर रांगेत उभ्या कराव्या लागल्या.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दरही बाजारावर सोडला आणि हा प्रकार संपला. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यापुढच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. तेव्हाच्या डिझेल ई-क्लासचं चार सिलिंडरचं इंजिन होतं २१४३ सीसीचं. ऑगस्ट २०१६ मध्ये किमतीच्या १ टक्का हरित शुल्क घेऊन बंदी उठली.

सरासरीचा कायदा आपल्याकडेही आला, एप्रिल २०१७ पासून. पण आपल्या कायद्यात माप सगळ्यांना एक नाही. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त असेल तर मर्यादाही सैल होते. हलकी गाडी विकणाऱ्याला कडक माप, जड गाडी विकणाऱ्याला ढिलं.

आणि हा जुना इतिहास आहे असं समजू नका. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर प्रस्तावित होता. त्याच अधिवेशनात तो मागे घेतल्याचं जाहीर झालं. इलेक्ट्रिक गाड्यांना सवलत द्यायला माझा विरोध नाही. पण डिझेलच्या वेळी जे झालं तेच पुन्हा होतंय का, हे बघायला नको?

मर्सिडीज घेणाऱ्यावर माझा राग नाही. कायद्याने मिळणारा फायदा कोण सोडतो? प्रश्न कायदा करणाऱ्याला आहे. गाडीचं ॲव्हरेज विचारताना आपण लिटरला किती किलोमीटर एवढंच विचारतो. त्या लिटरमधले किती रुपये दुसऱ्याने भरले, तेही विचारायला लागू या. तुमच्या गावची एसटी वेळेवर येते का, किती फेऱ्या बंद झाल्या, ते खाली लिहा. यादी करून पुढच्या पोस्टमध्ये मांडतो.