मागं बघणारा माणूस आणि पिकअपचा आरसा



मागच्या वेळी क्रेट आणि गाडीभाड्याविषयी लिहिलं, त्यावर तिघा-चौघांनी एकच विचारलं. पिकअपला कोणते आरसे टिकतात? गाडीबरोबर आलेले थरथरतात, बाजारातले स्वस्त आरसे दोन पावसाळ्यांत काळे पडतात. उत्तर चार ओळींत देता आलं असतं. पण हा आरसा आपल्या गाडीवर कुणाच्या जागी आला, हे कळलं की कोणता घ्यायचा ते सोपं जातं. म्हणून आज जरा लांबून सुरुवात करतो.

बैलगाडीला आरसा नव्हता, कारण लागत नव्हता. बैलांची चाल ती केवढी. मागून कुणी येत असेल तर तो ओरडायचा. रात्री गाडीखाली कंदील टांगलेला असायचा, तो मागच्याला दिसायचा. आपण मागचं बघायचं नाही, मागच्यानं आपल्याला बघायचं, अशी ती रीत होती.

मोटार आली आणि ही रीत मोडली. मोटारीच्या आरशाची सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. ३० मे १९११ रोजी इंडियानापोलिसला पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. तेव्हा शर्यतीच्या गाडीत दोघं बसायचे, एक चालक आणि एक मेकॅनिक. मागून कोण येतंय हे सांगणं हेही त्या मेकॅनिकचं काम. रे हारून नावाच्या गड्यानं एकाच माणसाची गाडी आणली. बाकीच्यांनी तक्रार केली, की याच्या मागं बघायला कोणी नाही, हा धोका आहे. मग त्यानं गाडीवर एक आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. ही कल्पना त्याला शिकागोत एका घोडागाडीवर आरसा बघून सुचली होती. पुढं त्यानंच सांगितलं, की ट्रॅक विटांचा असल्यानं आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हतं!

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. आरसा आला तो माणसाच्या जागी. आणि पहिल्या दिवसापासून त्याचा मोठा दुष्मन काच फुटणं नव्हता, थरथर होता. ज्यांनी आळेफाट्याकडून माळशेज उतरून कल्याण, शीळफाटा, तुर्भे असा रस्ता रात्री केलाय, त्यांना विटांचा ट्रॅक वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्याकडं माणसाच्या जागी आरसा यायला फार वर्षं लागली, कारण आपल्याकडं माणूस होता. त्याचं नाव क्लीनर. मी दहावी होऊन शेतीत पडलो तेव्हा माल ट्रकनं नाहीतर मॅटॅडोरनं मुंबईला जायचा. डाव्या बाजूला आरसा असला तरी तो बहुधा फुटका किंवा वाकडा, आणि त्याच्याकडं बघायचं कुणी नाही. क्लीनर डाव्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळत पत्र्यावर थापा मारायचा. "आन दे, आन दे, डावीकडं काप, बस्स!" मागच्या बाजूचं सगळं ज्ञान त्या पोराच्या गळ्यात आणि तळहातात होतं. ट्रकच्या मागं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेलं असायचं, तेही याच कारणानं कामाचं होतं. मला मागचं दिसत नाही, तू वाजव. ३० एप्रिल २०१५ ला राज्याच्या परिवहन खात्यानं ते लिहायला मनाई केली, कारण त्यानं विनाकारण हॉर्न वाजतात. म्हणजे ऐकून मागचं कळायची सोयही गेली. उरला तो आरसा.

आता गाड्यांचं बघा. ‘टेम्पो’ हा आपण मराठीच समजतो तो शब्द एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव आहे. बजाज टेम्पोनं तीनचाकी टेम्पो इथं बनवले, नंतर मॅटॅडोर आणली. १९८६ ला टाटांची ४०७ आली. या गाड्यांवर क्लीनर असायचाच. मग मे २००५ मध्ये टाटा एस आली, आपली छोटा हत्ती. त्याच सुमारास गावोगाव पिकअप वाढल्या. छोट्या गाडीचं गणित सोपं होतं. शेतकऱ्यानं स्वतः चालवायची, भाडं वाचवायचं. पण पंधरा-वीस क्विंटलच्या मालात दुसऱ्या माणसाची मजुरी बसत नाही. म्हणून क्लीनर गेला. रे हारूनच्या गाडीत १९११ ला झालं, ते आपल्या गाडीत जवळपास शंभर वर्षांनी झालं.

याच काळात बाजारही बदलला होता. पूर्वी भाजी भायखळ्याला आणि फळं क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे महात्मा फुले मंडईला जायची. शहरातली गर्दी कमी करायची म्हणून घाऊक बाजार खाडीपलीकडं न्यायचं ठरलं. सिडको १९७० ची, मुंबई बाजार समिती १९७७ ची. वाशीला आधी कांदा-बटाटा आला, मग धान्य आणि मसाला, आणि १९९६ ला भाजी आणि फळं. आपल्या घाटावरच्या माणसाचा एक फायदा झाला, गाडी मुंबईत शिरायची गरज राहिली नाही. पण शेकडो गाड्या एकाच आवारात, पहाटेच्या अंधारात, एकाच वेळी रिव्हर्स घ्यायला लागल्या.

त्या रिव्हर्सच्या वाटेत कोण असतं? माथाडी. डोक्यावर किंवा पाठीवर ओझं घेतलेला माणूस मान वळवू शकत नाही. त्याला आपली गाडी दिसत नाही आणि आपल्याला तो दिसला नाही तर संपलं. अण्णासाहेब पाटलांनी या कष्टकऱ्यांची संघटना बांधली, १९६९ ला माथाडी कायदा झाला, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधीची सोय झाली. पण गाडीच्या मागं उभ्या माणसाची काळजी कायदा घेत नाही, ती चालकानंच घ्यायची असते. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढली, तेव्हापासून आपल्यातले बरेच जण थेट खारघर, नेरूळच्या सोसायट्यांत आठवडे बाजाराला जातात. तिथं तर गाडीमागं सायकलवर पोरं असतात. आरशाचा विषय म्हणूनच मला ॲक्सेसरीचा वाटत नाही.

आता काळे पडायचं. काचेवर रसायनानं चांदीचा थर बसवायची रीत १८३५ मध्ये लीबिग या जर्मन शास्त्रज्ञानं काढली. कृषी खात्याच्या मित्रांना हे नाव माहीत आहे. किमान घटकाचा नियम ज्याच्या नावानं शिकवतात, तोच हा लीबिग. आता गाड्यांच्या आरशाला बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा किंवा क्रोमचा थर असतो. पण दुखणं तेच. कडेनं ओल शिरते, थर सुटतो, काळे डाग आत आत सरकतात. वाशी-तुर्भ्याची हवा खाडीची, खारी. घाटावर उभी राहणारी गाडी आणि रोज खाडीकाठी उभी राहणारी गाडी, यांचे आरसे सारखे टिकत नाहीत.

आणि लीबिगचा नियम आरशालाही लागू आहे. नत्र भरपूर टाकलं आणि जस्त कमी पडलं तर पीक जस्ताएवढंच येतं. तसं काच कितीही भारी घ्या, बोल्ट गंजका असेल तर आरसा बोल्टाएवढाच टिकणार. म्हणून खरेदी करताना सगळ्यात कच्चा भाग आधी बघायचा.

१. दांडा. शक्यतो लोखंडी पाइपचा, आणि वर-खाली दोन ठिकाणी धरलेला. एका टोकाला धरलेला लांब दांडा थरथरणारच. दुकानातच गाडीला लावून इंजिन चालू ठेवा. मागच्या गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे.

२. लांबी. आपला हौदा केबिनपेक्षा रुंद असतो, वर क्रेट किंवा जाळी बाहेर येते. आरसा मालाच्या बाहेर गेला पाहिजे. पण गरजेपेक्षा एक बोटही जास्त नको, नाहीतर गेटवरच्या रांगेत दुसऱ्याची गाडी तो घेऊन जाईल.

३. सांधा. धक्का लागला की दुमडणारा आणि परत जागेवर बसणारा. अजिबात न दुमडणारा आरसा धक्का दाराच्या पत्र्याला देतो.

४. नट-बोल्ट. स्टेनलेसचे, खाली रबरी वॉशर, वर लॉकनट. खर्च थोडा, पण सगळा आरसा यावरच उभा आहे.

५. काच. डाव्या बाजूला फुगीर. तिच्यात जास्त दिसतं, पण गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, हे विसरू नका. कडेनं रबर घट्ट बसलेलं हवं. नुसती काच बदलता येईल असाच आरसा घ्या. मागच्या चाकाजवळचं दिसायला खालच्या कोपऱ्यात छोटा गोल आरसा चिकटवा.

६. कागद. केंद्रीय मोटार वाहन नियमांत आरशाची अट आहे आणि त्याचा दर्जा एआयएस-००१ मध्ये ठरवलेला आहे. तो शिक्का असलेलाच घ्या.

बाजारातून आल्यावर गाडीबरोबर आरसाही गोड्या पाण्यानं धुवा. कोरड्या फडक्यानं घासू नका, धुळीनं चरे पडतात.

आणि एक चाचणी. माल भरल्यावर घरातल्या कुणालातरी मागच्या चाकापाशी उभं करा, नंतर फाळक्याच्या कोपऱ्यापासून दोन पावलं मागं. दोन्ही बाजूंना, दोन्ही जागी माणूस दिसला तर आरसा बरोबर लागलाय. बरोबर मधोमध फाळक्यामागं उभा केलात तर कुठल्याही आरशात दिसणार नाही, हेही त्याच वेळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तेवढ्या जागेसाठी अजूनही माणूसच लागतो. गाळ्याला गाडी लावताना शेजारच्या गाडीवाल्याला खाली उतरून "आन दे" म्हणायला सांगा, आणि त्याची गाडी लागताना आपण उतरा. त्याला पैसे पडत नाहीत.

तुमच्या गाडीचे आरसे किती पावसाळे टिकले आणि आधी काय गेलं, काच, सांधा की बोल्ट, ते खाली लिहा. गाडी घाटावर उभी असते की खाडीकाठी, हेही सांगा. सगळ्यांच्या कामाला येईल.