प्लेगचे क्रूस आणि न आलेलं उत्तर

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी सीप्झमध्ये कामाला असतील. गेटवर आयकार्ड दाखवायचं, दिवसभर मॉनिटरसमोर बसायचं आणि संध्याकाळी अंधेरी स्टेशनची बस पकडायची. पण त्याच कुंपणाच्या आत एक पडकं पोर्तुगीजकालीन चर्च आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

संत योहान बाप्तिस्ता याचं हे चर्च जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ साली कोंडिविटे गावात बांधलं. १८४० मध्ये तिथे साथ आली. गाव ओस पडलं आणि वाचलेली माणसं मरोळला गेली. जाताना त्यांनी चर्चमधल्या मूर्ती, वेदीचे खांब आणि बाप्तिस्म्याचं कुंड सोबत नेलं. जुन्या भिंतींवर रान माजलं. १९७३ मध्ये सीप्झ आलं आणि ते अवशेष कुंपणाच्या आत गेले. तिथे आता वर्षातून एकदा मिस्सा होतो.

मला प्रश्न पडतो तो त्या कुंडाबद्दल. याच देवापुढे गावाने साथ थांबावी म्हणून हात जोडले असणार. साथ काही थांबली नाही. मग त्याच देवाचं दगडी कुंड एवढ्या लांब कोण आणि का वाहून नेतं?

हाच प्रश्न ५६ वर्षांनी पुन्हा उभा राहिला, आणि फार मोठ्या प्रमाणावर. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर कॅथलिक डॉक्टरांनी ब्यूबॉनिक प्लेग ओळखला. लोक मुंबई सोडून पळत सुटले. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे ८ लाख २० हजार होती, ती १९०१ मध्ये पावणेआठ लाखांवर आली. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे सिमाँने मांडलं १८९८ मध्ये. म्हणजे पहिली दोन वर्षं लोकांना शत्रू कुठून येतोय हेच कळत नव्हतं!

तेव्हा ही उपनगरं म्हणजे साष्टीतली खेडी होती. भातशेती आणि मासेमारी करणारे, घरात मराठीचीच एक बोली बोलणारे ईस्ट इंडियन कॅथलिक इथले मूळ रहिवासी. त्यांनी गावाच्या वेशीवर, नाक्यावर, घरांच्या मध्ये क्रूस उभारले. वांद्र्यापासून वरच्या गावठाणांत आजही ते दिसतात. सगळेच प्लेगचे नाहीत, काही त्याआधीचे आहेत. पण बरेच याच काळातले.

आता आपल्यातला इंजिनिअर लगेच म्हणेल, हा तर सर्व्हायव्हरशिप बायस! जे वाचले त्यांनी क्रूस बांधले, जे मेले ते तक्रार करायला उरलेच नाहीत. मुद्दा बिनतोड आहे. पण इथे एक गोम आहे. हे क्रूस फक्त वाचल्याबद्दलच्या आभाराचे नव्हते. पुष्कळसे साथ ऐन भरात असताना, संरक्षण मागण्यासाठी उभे राहिले. आणि प्लेग एकदा येऊन गेला नाही, वर्षानुवर्षं परत येत राहिला. रिक्वेस्ट पाठवली, टाइमआउट झाला, पुन्हा पाठवली, पुन्हा टाइमआउट. कुठलीही सिस्टिम आपण अशाने कधीच बंद करून टाकली असती. या लोकांनी मेणबत्त्या लावणं सोडलं नाही.

का? मला वाटतं, उत्तर त्या खुणेतच आहे. अटकेच्या रात्री येशू गेथशेमाने बागेत समोरचं मरण टळावं म्हणून प्रार्थना करतो. ते टळत नाही. ख्रिस्ती धर्माची मुख्य खूणच अशी, मागितलेलं न मिळालेल्या प्रार्थनेची! त्यामुळे क्रूसापुढे गुडघे टेकणारा माणूस "मला काही होणार नाही" या हमीवर उभा नसतो. जे होईल त्यात देव माझ्या बाजूला असेल, आणि त्याने हे स्वतः भोगलंय, एवढाच त्याचा आधार. पुनरुत्थानाची आशा असते, पण तीही मरणातून गेल्यावरची.

या श्रद्धेचा गैरवापर होत नाही असं नाही. "देवाची इच्छा" म्हणून हातावर हात ठेवून बसणं फार सोपं असतं. म्हणून मला डॉ. व्हिएगस महत्त्वाचे वाटतात. साथीची बातमी कोणालाच नको होती, तरी त्यांनी ती ठणकावून सांगितली. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. प्रार्थना आणि औषध एकाच शहरात शेजारी शेजारी चालू होते, आणि एकामुळे दुसरं अडलं नाही.

या क्रूसांनी प्लेग थांबवला का? इतिहासाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. भारतभर त्या साथीने एक कोटीहून जास्त बळी घेतले. पण मे महिन्यात कितीतरी गावठाणांत शेजारीपाजारी अजून या क्रूसांभोवती जमतात आणि एकत्र प्रार्थना म्हणतात. ज्या घरात माणूस गेलं त्या घरातल्यांना एकटं न सोडण्याची जागा म्हणून हे क्रूस सव्वाशेहून अधिक वर्षं टिकले. कोंडिविट्याचं कुंड मरोळला नेणाऱ्यांनाही बहुधा हेच हवं होतं. चर्च मागे सोडता येतं, पण पुढच्या पिढीचा बाप्तिस्मा कुठेतरी व्हायलाच हवा ना!