‘नॉट रिस्पॉन्डिंग’ या नोंदीचा इतिहास आणि अर्थ : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यानंतर संगणक प्रशिक्षण तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे तालुकेही त्यास अपवाद नाहीत. महाविद्यालयांतील प्रवेश, परीक्षा, वेतन व ग्रंथालय यांची कामे संगणकावर आली आणि त्यांच्याबरोबर ‘संगणक हँग झाला’ हा शब्दप्रयोगही कार्यालयीन बोलीत रूढ झाला. अशा वेळी केली जाणारी कृती ठरलेली असते. कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या कळा दाबून टास्क मॅनेजर उघडला जातो, प्रोग्रॅमच्या नावापुढे ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे दिसते आणि लगेच ‘एंड टास्क’ची आज्ञा दिली जाते. प्रोग्रॅम मृत झाला, असा त्या नोंदीचा अर्थ येथे गृहीत धरलेला असतो. हे गृहीतक कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात नोंदीच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

१. नोंदीची पूर्वपीठिका

एका संगणकावर एकाच वेळी एकच काम चालत असे, तेव्हा कामांवर देखरेख करणाऱ्या वेगळ्या साधनाची फारशी गरज नव्हती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये कालविभाजन पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटला जाऊ लागल्यावर कोणते काम कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. पुढे युनिक्स प्रणालीत ‘पीएस’ ही आज्ञा आली आणि १९८४ मध्ये विल्यम लफेव्हर यांनी ‘टॉप’ हा सतत ताजी माहिती दाखविणारा प्रोग्रॅम लिहिला.

वैयक्तिक संगणकाची वाटचाल निराळी होती. १९८१ च्या आयबीएम पीसीवर वर उल्लेखिलेल्या तीन कळा एकत्र दाबल्यास संपूर्ण यंत्र नव्याने सुरू होत असे. विंडोज ३.१ (१९९२) मध्ये अनेक प्रोग्रॅम एकत्र चालत. परंतु प्रत्येकाने आपणहून दुसऱ्यास वाट द्यावी, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे एकाने वाट अडविली की सर्वांची कामे खोळंबत. विंडोज ९५ मध्ये नव्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत वेळेचे वाटप प्रणालीने स्वतःकडे घेतले आणि त्याच तीन कळांनी चालू प्रोग्रॅमांची यादी दिसू लागली. डेव्हिड प्लमर यांनी लिहिलेला टास्क मॅनेजर १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० बरोबर वितरित झाला. यंत्र बंद करण्याऐवजी यादीतील एकाच प्रोग्रॅमवर कारवाई करण्याची सोय वापरकर्त्यास मिळाली. मात्र कारवाई कोणावर करावयाची, हे ठरविण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच आली.

२. पाच सेकंदांची कसोटी

विंडोजमध्ये कळ दाबणे, माऊस हलविणे, खिडकी पुन्हा रेखाटणे अशा प्रत्येक घटनेचा संदेश तयार होतो. हे संदेश रांगेत उभे राहतात आणि प्रोग्रॅमने ते एकेक करून उचलावेत, अशी अपेक्षा असते. प्रोग्रॅम नुकताच सुरू होत नसेल, तो वापरकर्त्याच्या आज्ञेची वाटही पाहत नसेल आणि पाच सेकंदांत त्याने रांगेकडे पाहिले नसेल, तर प्रणाली त्यास ‘प्रतिसाद न देणारा’ ठरविते. विंडोज एक्सपीपासून (२००१) अशा प्रोग्रॅमची मूळ खिडकी लपवून तिच्या जागी तिची प्रतिकृती दाखविली जाते. वापरकर्त्यास दिसणारी फिकट खिडकी ही प्रोग्रॅमची नसून प्रणालीने उभी केलेली असते.

टपाल उचलले गेले नाही, एवढेच या कसोटीतून सिद्ध होते. घरातील माणूस आत कामात गुंतला आहे की घर रिकामे आहे, हे त्यावरून कळत नाही. हजारो ओळींच्या गुणपत्रकाची फेरगणना करणारा, मोठी फाईल साठविणारा किंवा संथ नेटवर्कवरून उत्तराची वाट पाहणारा प्रोग्रॅम या कसोटीत सहज ‘नापास’ होतो. कोणताही प्रोग्रॅम पुढे कधी थांबेल की अनंतकाळ चालत राहील, हे सर्व बाबतींत निश्चितपणे सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले होते. त्यामुळे प्रणालीला ठराविक मुदतीचा आधार घ्यावा लागतो. पाच सेकंदांची मुदत ही व्यावहारिक सोय आहे, अंतिम निर्णय नव्हे.

३. पूरक पुराव्याचे वाचन

इतिहास-संशोधनात एखाद्या साधनाचे मौन हा स्वतंत्र पुरावा मानला जात नाही. अन्य साधनांशी ते ताडून पाहावे लागते. येथेही तोच दंडक लागू होतो. टास्क मॅनेजरमधील सीपीयू व डिस्क हे स्तंभ या दृष्टीने उपयुक्त आहेत. डिस्कचे आकडे हलत असतील, तर काम चालू असण्याची शक्यता अधिक. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर एखादा प्रोग्रॅम दीर्घकाळ नेमका २५ टक्क्यांवर स्थिर असेल, तर त्याचा एक धागा पूर्ण एक गाभा व्यापून बसला आहे, असे समजते. ही मोठी आकडेमोड असेल किंवा न संपणारे आवर्तनही असेल. सीपीयू व डिस्क दोन्ही शून्यावर असतील, तर प्रोग्रॅम बहुधा दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत असतो. ही वाट कोणाची, हे शोधण्यासाठी विंडोज ७ (२००९) च्या रिसोर्स मॉनिटरमध्ये प्रतीक्षा-साखळी पाहण्याची सोय देण्यात आली. अनेकदा दोषी प्रोग्रॅम यादीत भलतीकडेच असल्याचे तीतून उघड होते.

लिनक्समध्ये अवस्थांचे वर्गीकरण अधिक सूक्ष्म आहे. ‘डी’ अवस्थेतील प्रक्रिया बहुधा डिस्क किंवा तत्सम साधनाच्या उत्तराची वाट पाहत असते आणि सक्तीच्या आज्ञेनेही सहसा तत्काळ संपत नाही. ‘झेड’ म्हणजे झोंबी अवस्थेत प्रक्रिया संपलेली असते; तिची स्मृतीतील जागाही मोकळी झालेली असते; मात्र तिला जन्म देणाऱ्या प्रक्रियेने दखल न घेतल्यामुळे नाव तेवढे यादीत उरते. जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा नष्ट झाल्या असून त्यांच्यावरील कोरीव नावे शिल्लक आहेत. नाव आहे म्हणून प्रतिमा आहे, असे तेथे कोणी म्हणत नाही. यादीचे वाचनही त्याच विवेकाने व्हावयास हवे.

४. खोडद येथील दुर्बीण : मुदतीचा दुसरा अर्थ

जुन्नर तालुक्यातच नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी राहिली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारातील तीन भुजांवर असून त्यांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटर आहे. मध्यवर्ती केंद्राशी त्या प्रकाशीय तंतूंनी जोडलेल्या आहेत. दूरच्या एखाद्या अँटेनाकडून उत्तर आले नाही, तर बिघाड अँटेनात, तेथील नियंत्रक संगणकात, विजेच्या पुरवठ्यात की जोडणीत, हे केवळ मौनावरून ठरत नाही.

या दुर्बिणीच्या संकेतांवर प्रक्रिया करण्यासाठी सर्वसामान्य संगणकांच्या समूहावर चालणारी प्रणाली विकसित करण्यात आली व तिचे वर्णन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा तत्क्षणी चालणाऱ्या कामात आकाशातून येणारा संकेत कोणासाठी थांबत नाही. प्रोग्रॅम मागे पडला, तर तेवढे निरीक्षण हातचे जाते. कार्यालयातील संगणकाच्या बाबतीत नेमके उलट घडते. तेथे थांबण्याने काही मिनिटे जातात, तर घाईने न साठविलेले काम जाते. म्हणजेच मुदत किती असावी, हे कामाच्या स्वरूपावरून ठरते.

निष्कर्ष

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ही नोंद म्हणजे ठराविक वेळेत उत्तर न आल्याची साक्ष आहे. मृत्यूचा दाखला नव्हे. ती वाचताना प्रथम काही मिनिटे थांबावे, सीपीयू व डिस्कचे आकडे पाहावेत, छपाईयंत्र, नेटवर्क किंवा मागे दडलेली एखादी खिडकी यांपैकी कशाची प्रतीक्षा आहे काय, हे तपासावे आणि त्यानंतरच ‘एंड टास्क’चा अवलंब करावा, हा क्रम इष्ट ठरतो. त्या आज्ञेने प्रोग्रॅमबरोबर त्याच्या स्मृतीतील न साठविलेला मजकूरही जातो. परीक्षा विभागात गुणांची नोंद करणाऱ्याच्या दृष्टीने तो एका दिवसाचा श्रम असू शकतो. संगणक-साक्षरतेच्या अध्यापनात कोणती कळ दाबावी याबरोबरच पडद्यावरील नोंद काय सांगते व काय सांगत नाही, यालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.