एक धावा, अनेक आवाज : ‘लाल मेरी पत’च्या ध्वनिमुद्रणांचा मागोवा

सुवर्णमहोत्सव हा सिंहावलोकनाचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत ट्रस्टने काय उभारले, याचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र आलेला आहे. प्रस्तुत लेखात मात्र आपल्या वस्तीच्या कानांवर वर्षानुवर्षे पडत आलेल्या एका धाव्याचा मागोवा घ्यावयाचा आहे. हा धावा जैन परंपरेतला नाही. तरीही कॅम्प नं. ३ मध्ये राहणाऱ्या आपल्या समाजाला तो परका वाटत नाही. चेटीचंडची मिरवणूक असो वा शेजारच्या सिंधी कुटुंबातील लग्न, ‘दमादम मस्त कलंदर’चा ठेका सुरू झाला की आपलीही मुले ताल धरतात.

उल्हासनगरचा जन्मच विस्थापनातून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्याला नाव मिळाले. बराकी गेल्या, तरी कॅम्पांचे क्रमांक पत्त्यांत टिकून राहिले. घरदार सिंधमध्ये सोडून आलेल्या या माणसांजवळ भांडवल म्हणून उरली होती ती केवळ पत. या धाव्यातील मुख्य मागणीही तीच आहे : माझी पत राख. मराठीत ‘पत’ म्हणजे अब्रू आणि ‘पत’ म्हणजे उधारीचा विश्वासही. व्यापारी समाजाला या दोन अर्थांतील नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांना उद्देशून हा धावा आहे ते लाल शाहबाज कलंदर, म्हणजे उस्मान मरवंदी, हे तेराव्या शतकातील सूफी संत. १२७४ साली सिंधमधील सेहवान येथे ते निवर्तले. त्यांच्या तांबड्या वस्त्रावरून त्यांना ‘लाल’ म्हणत, असे परंपरा सांगते. सिंधी हिंदूंचे आराध्य झूलेलाल यांच्या नावातही ‘लाल’ आहे. धाव्यात ही दोन्ही नावे एकमेकांत मिसळून जातात, आणि म्हणूनच दर्ग्यातला मुसलमान व मंदिरातला हिंदू आपापल्या भावाने तो गातात. मूळ रचनेचे श्रेय परंपरेने अमीर खुस्रो यांना आणि पुढील भर बुल्लेशाह यांना दिली जाते. कलंदर निवर्तले तेव्हा खुस्रो अवघे एकवीस वर्षांचे होते, तर बुल्लेशाह त्यानंतर चारशे वर्षांनी जन्मले. एवढ्या कालपटावर एकच पाठ अखंड राहिला असेल, असे मानणे कठीण आहे.

ध्वनिमुद्रणांकडे वळले की इतिहासाला तारखा लाभतात. १९५६ च्या ‘जबरू’ या पंजाबी चित्रपटात हा धावा आला. चाल मास्टर आशिक हुसेन यांची. आवाज इनायत हुसेन भट्टी व त्यांच्या सहगायकांचे. या आवृत्तीच्या शब्दांचे श्रेय शायर सागर सिद्दीकी यांना दिले जाते. आज जगभर जी चाल ओळखली जाते, तिचे मूळ येथे आहे. परंतु चाल जगभर गेली आणि चालकर्ता लाहोरच्या भाटी दरवाजा परिसरात हलाखीत राहिला. सागर सिद्दीकी १९७४ साली त्याच शहराच्या पदपथावर मरण पावले. इतरांची पत राखण्याची प्रार्थना ज्यांनी घडविली, त्यांची पत समाजाने राखली नाही.

दुसरा ठसा लोकगायिका रेश्मा यांचा, आणि आपल्या समाजाला तो विशेष जवळचा वाटावा. रेश्मा १९४७ च्या सुमारास तत्कालीन बिकानेर संस्थानातील, आजच्या चुरू जिल्ह्यातील, रतनगडजवळच्या लोहा गावी बंजारा कुटुंबात जन्मल्या. रतनगड, सुजानगड, सरदारशहर ही नावे कित्येक मारवाडी जैन घरांच्या मूळगावांची आहेत. वडील घोडे व उंटांचे व्यापारी होते. फाळणीनंतर कुटुंब कराचीकडे गेले. उल्हासनगरचा सिंधी सिंध सोडून इकडे आला आणि त्याच सुमारास ही राजस्थानी मुलगी सिंधमध्ये पोहोचली! बाराव्या वर्षी सेहवानच्या दर्ग्यात गाताना नभोवाणीचे निर्माते सलीम गिलानी यांनी त्यांना ऐकले आणि पाकिस्तान रेडिओवर त्यांचे ध्वनिमुद्रण करविले. अक्षरओळख नसलेल्या या मुलीचा धावा घरोघरी पोहोचला. भारतात त्यांचे नाव पुढे १९८३ च्या ‘हीरो’तील ‘लंबी जुदाई’मुळे सर्वतोमुखी झाले. ३ नोव्हेंबर २०१३ रोजी लाहोरमध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरा ठसा नूरजहाँ यांचा. फाळणीपूर्वी मुंबईच्या चित्रसृष्टीत गाजलेल्या या गायिकेने १९६९ च्या ‘दिलां दे सौदे’ या चित्रपटात नझीर अली यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली तो गायिला. चौथा बांगलादेशच्या रूना लैला यांचा. १९७४ साली भारतात झालेल्या त्यांच्या कार्यक्रमांनंतर त्यांचे नाव येथे घरोघरी झाले, आणि अनेक भारतीय श्रोत्यांना हा धावा प्रथम त्यांच्याच आवाजात भेटला. याशिवाय साबरी बंधू, नुसरत फतेह अली खान आणि सिंधकन्या आबिदा परवीन यांनी त्याला आपापले रूप दिले.

ही रूपे ओळखावी कशी? कॅसेटच्या जमान्यात एकातून दुसरी नक्कल निघे आणि वेष्टनावर केवळ गाण्याचे नाव उरे. गायक, चालकर्ता, साल यांचा पत्ता नसे. अशा वेळी कान हाच पुरावा ठरतो. चित्रपटातील रूप आटोपशीर असते, त्यात वाद्यवृंद भरलेला असतो. नभोवाणीच्या रूपात मोजकी वाद्ये असतात आणि खुला, रानातला आवाज पुढे येतो. कव्वालीत टाळ्यांचा ठेका असतो आणि एकेका शब्दाची आवर्तने दीर्घकाळ चालतात. कडव्यांचा क्रम आणि गाळलेली नावे हेही उपयोगी पडते. माध्यमाचाही विचार करावा लागतो : ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मिळत, तर साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूस अर्धा तास. दर्ग्यातील रात्रभराचे गाणे माध्यमाच्या मापात बसविताना काय कापले गेले, हे त्यावरून उमगते.

मग यांतील ‘खरे’ कोणते? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परंपरेत शोधता येते. आगमांचे पाठ कंठस्थ परंपरेने चालत आले. आर्य स्कंदिल यांची मथुरेची वाचना आणि नागार्जुन यांची वलभीची वाचना यांत पाठभेद होते. पुढे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली, वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी (मतांतराने ९९३ व्या), वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. त्या वेळी मान्य पाठ ठरला, पण दुसरा पाठ पुसून टाकला गेला नाही. ‘नागार्जुनीय असे म्हणतात’ या अर्थाच्या नोंदी चूर्णी व टीकांमध्ये आजही आढळतात. श्वेतांबर परंपरेची ही ग्रंथनिष्ठा म्हणजे अनेकान्ताचे व्यवहारातील दर्शनच होय. प्रत्येक पाठात सत्याचा अंश मानायचा, मात्र तो कोणाचा हे नावानिशी सांगायचे. रेश्मांचे गाणे खरे आणि नूरजहाँचेही खरे. खोटी ठरते ती केवळ नाव पुसलेली प्रत.

या विवेचनातून आपल्यासाठी एक काम निघते. पर्युषणातील व्याख्याने, पूजा, भावना आणि वृद्ध श्राविकांच्या कंठातील स्तवने यांच्या कॅसेट अनेक घरांच्या कपाटांत पडून आहेत. फीत वर्षागणिक झिजते, बुरशी धरते. आवाज ओळखणारी माणसेही एकेक करून निघून जात आहेत. या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्या कॅसेट एकत्र करून त्यांची संगणकीय प्रत करावी. प्रत्येकीवर गायक, रचनाकार, प्रसंग, स्थळ व साल यांची नोंद करावी, आणि एकाच स्तवनाच्या चार चाली मिळाल्या तर चारही ठेवाव्यात. जैसलमेर व पाटणच्या ज्ञानभांडारांनी ताडपत्रे सांभाळली, म्हणून ज्ञान आपल्यापर्यंत पोहोचले. आवाजाचे भांडार उभारणे हे आपल्या पिढीचे कर्तव्य आहे. ज्यांनी गायिले आणि ज्यांनी रचले, त्यांची पत राखणे आता आपल्या हाती आहे.

जय जिनेंद्र.