डोहाळे

चिखलीच्या बसस्टँडबाहेर कढईतून आलुबोंडे निघाले, की माझं एकावर भागत नाही. तळलेली मिरची मिठात घोळवून देताना गाडीवाला हसतो, ‘डोहाये लागले काय भाऊ?’ वऱ्हाडी जिभेवर ‘ळ’चा ‘य’ होतो.

शब्द मुळात वैद्यांचा. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, आई दोन हृदयांची होते, म्हणून ती ‘दौहृदिनी’, असं सुश्रुतसंहिता सांगते. म्हणजे चिंच मागते आई, पण हट्ट आतल्याचा! तो पुरवला नाही तर बाळाला बाधतं, असंही तिथंच बजावलंय. (सासूला गप्प करायला याहून भक्कम आधार कुठला?) दौहृदाचं झालं दोहद, पाली-प्राकृतात दोहळ आणि मराठीत डोहाळे, तेही बहुधा अनेकवचनी. संस्कृत कवींनी तर झाडांनाही डोहाळे लावले. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात अशोक फुलावा म्हणून मालविकेनं त्याला लाथ मारायची असते.

आमच्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंना गडकिल्ल्यांचे डोहाळे लागले होते, असं लोक सांगतात. ‘भिकेचे डोहाळे’ म्हणत आपणच पुढे या शब्दाची रया घालवली.

आता डोहाळजेवणात नावेत नाहीतर चंद्रकोरीवर बसवून फोटो निघतात, हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं साग्रसंगीत. वर्तमानपत्रांत मात्र डोहाळे बहुतेक पुरुषांनाच लागतात: कुणाला आमदारकीचे, कुणाला मंत्रिपदाचे.