खांद्याच्या अभ्यासाकडे : प्रस्तावना

खांद्याच्या अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थ्याने एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करावी : हा सांधा हाडांच्या भरवशावर उभा नाही. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल उखळीत बसलेला असतो. खांद्यात दंडाच्या हाडाचा भला मोठा गोळा खवाट्याच्या उथळ वाटीला जेमतेम टेकतो. एका वेळी त्याचा पाव ते तिसरा हिस्साच तिच्या संपर्कात असतो. खवाटाही धडाशी हाडाने जोडलेला आहे तो केवळ गळ्याच्या हाडामार्फत. बाकीचा सगळा कारभार स्नायू, स्नायुबंध आणि सांध्याभोवतीच्या पिशवीवर चालतो. वेणी घालण्यापासून गोलंदाजीपर्यंत हात जिथे जिथे जातो, तो या सैलपणामुळेच. आणि त्याची किंमतही खांदाच मोजतो.

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेतील बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांना मी सर्वांत वर ठेवतो. त्यांचा ‘द शोल्डर’ हा ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव त्यांनीच दिले. पुढे वाकून हात सैल झुलवण्याचा जो व्यायाम आजही दवाखान्यादवाखान्यात शिकवला जातो, तोही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्यांचे मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले याचा मागोवा घ्यावा, फसलेल्या उपचारांसकट तो जाहीर करावा, असा आग्रह त्यांनी धरला. स्वतःच्या चुका छापल्या आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. खांद्याच्या फिजिओथेरपिस्टने कॉडमनकडून झुलत्या हाताच्या व्यायामाइतकीच ही खोडही उचलावी.

आपल्याकडे फिजिओथेरपीच्या व्यवसायाची सुरुवात खांद्यापासून झाली नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा डोळ्यांपुढे पोलिओची मुले होती. आज आधी पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असा मार्ग आहे. पण ‘खांद्याचा तज्ज्ञ’ असा शिक्का कोणतीही पदवी मारत नाही. ते तज्ज्ञपण ओपीडीत, एकामागून एक खांदे पाहत घडते.

ओपीडीत सर्वांत जास्त गैरसमज घेऊन येतो तो आखडलेला खांदा, म्हणजेच फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीतली बाई सांगते : अंबाडा घालता येत नाही, ब्लाउजचे मागचे हुक लागत नाहीत, लोकलमध्ये वरची कडी धरवत नाही, त्या कुशीवर झोप येत नाही. कोणीतरी तिला ‘शेक घे, मालिश कर’ म्हणून पाठवलेले असते. परीक्षा साधी असते. कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगायचा. मग तीच हालचाल आपल्या हाताने करून पाहायची. तिलाही जमत नाही आणि आपल्यालाही नेता येत नाही, तर सांध्याच्या पिशवीकडे संशयाने पाहायचे. आपण नेला तर जातो, पण तिला स्वतःला नेता येत नाही, तर गोष्ट वेगळी : स्नायुबंध तुटला असेल किंवा नस दबली असेल. आणि तरीही एक्स-रे पाहायचाच. फिट किंवा विजेच्या झटक्यानंतर मागे निखळून अडकलेला खांदाही असाच बाहेर वळत नाही, आणि तो नजरेतून सुटल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात जुनीच आहेत.

मधुमेहींमध्ये आखडलेला खांदा अधिक होतो आणि अधिक हट्टीही असतो. भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. तेव्हा खांद्याच्या तक्रारीसाठी आलेल्याला साखरेबद्दल विचारणे आपलेच काम आहे. उपचारात घाई तर नकोच. नेदरलँड्समधल्या डिर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी २००४ साली ७७ रुग्णांची तुलना मांडली. वेदना सहन करत जोरजोराने ताणून घेणाऱ्यांपेक्षा दुखेल तिथे थांबणारे रुग्ण दोन वर्षांनी अधिक बरे होते. गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, म्हणून हा शेवटचा शब्द मानू नये. पण ‘दुखल्याशिवाय सुटणार नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याने ही तुलना अवश्य वाचावी.

दुसरी मोठी गोष्ट चित्रांच्या मोहाची. अमेरिकेत १९९५ साली खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचा एमआरआय काढला, तेव्हा साठीपुढच्या निम्म्याहून अधिक जणांत स्नायुबंध फाटलेला दिसला. मग दुखणाऱ्या खांद्यातली फाट हेच दुखण्याचे कारण, असे कशावरून? चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये मांडलेली कल्पना अशी की खवाट्याच्या वरच्या टोकाखाली स्नायुबंध घासतो, म्हणून तिथले हाड तासावे. ती पुढे दशकानुदशके चालली. ब्रिटनमधल्या ३१३ रुग्णांच्या चाचणीने २०१८ साली दाखवले की हाड तासणे आणि नुसती दुर्बीण घालून पाहणे यांच्या निकालात फरक नाही. काहीच न केलेल्यांपेक्षाही लाभ नगण्य.

हे वाचून आम्हा फिजिओथेरपिस्टांतले काही जण सुखावले. फार काळ नाही. २०२१ मध्ये ७०८ रुग्णांच्या चाचणीत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या व्यायामाच्या सहापर्यंत भेटी आणि नीट समजावून दिलेली एकच भेट यांची तुलना झाली. वर्षाअखेरीस फरक आढळला नाही. रुग्णाला दहा-पंधरा ‘सिटिंग’ची पावती फाडणाऱ्या दवाखान्यांना हा निकाल गैरसोयीचा आहे, मला तो दिलासा देणारा वाटतो. गावाहून एसटीने एकदाच येऊ शकणाऱ्या माणसाला त्या एका भेटीत पुरेसे देता येते, फक्त ती भेट खरोखर चांगली हवी.

आणि कधी कधी खांदा खांद्याचा नसतोच. मानेतली नस, पित्ताशय, छातीच्या पडद्याला लागलेली झळ, हृदय, फुप्फुसाच्या टोकावरची गाठ, यांतले काहीही खांद्यात दुखू शकते. हात कसाही हलवला तरी दुखणे बदलत नसेल, वजन उतरत असेल, चालताना डाव्या खांद्यात कळ येऊन थांबल्यावर जात असेल, तर व्यायाम शिकवत बसू नये; त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक काम करा. मित्राला पाठमोरा उभा करा, पाठ उघडी, दोन्ही हातांत एकेक किलोचे वजन. हात सावकाश वर न्यायला सांगा. १९४४ मध्ये इनमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार १८० अंशांतले साधारण ६० अंश खवाटा फिरून देतो. तो केव्हा हलू लागतो, दोन्ही बाजू सारख्या हलतात का, हे पाहा. मग हात तितक्याच सावकाश खाली आणू द्या. खवाट्याची कड बाहेर डोकावते किंवा तो मध्येच झटका खातो, ते बहुधा याच उतरणीत दिसते. त्यामुळे तिथे मित्राला घाई करू देऊ नका.