रांधणारी पीएचपी, वाढणारी सीएसएस

मराठी विकिपीडियावर पुरणपोळी शोधली की पान समोर येतं. ते तयार केलेलं असतं दूरच्या सर्व्हरवरच्या पीएचपीने. लेखाचा मजकूर साठवणीतून काढायचा, त्यात दुवे घालायचे, सगळं जुळवून पाठवायचं, हे तिचं काम. ब्राउझरात पोहोचल्यावर अक्षर केवढं, रंग कोणता, चौकट डावीकडे की उजवीकडे, हे सीएसएस ठरवते. एकीने रांधायचं, दुसरीने वाढायचं. दोघींची पाळंमुळं एकाच सालात, १९९४मध्ये. दोघी फुकट. पण त्यांच्या फुकटपणाची जात वेगळी, आणि स्वभावातला फरक तिथूनच येतो.

रास्मुस लेरडॉर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात शिकलेला गडी. त्याने आपला बायोडेटा वेबवर टाकला आणि तो कोण कोण बघून जातं हे कळावं म्हणून सी भाषेत काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. घरगुती गरज, घरगुती नाव: ‘पर्सनल होम पेज टूल्स’. जून १९९५मध्ये त्याने त्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. नवी भाषा घडवायचा त्याचा बेत नव्हता. लोक वापरत गेले, मागण्या वाढत गेल्या आणि चंद्रमौळी खोपटाला पडव्या जोडाव्यात तशी भाषा वाढत गेली.

त्या पडव्यांच्या खुणा अजून दिसतात. सुरुवातीच्या पीएचपीत फंक्शनची नावं अक्षरसंख्येप्रमाणे खणांत लावलेली असत. सारख्या लांबीची नावं वाढली की एकच खण तुंबणार आणि शोधाशोध लांबणार. म्हणून लेरडॉर्फने काही नावं मुद्दाम लांबवली. ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे लांबलचक नाव त्यातलंच. या भाषेतल्या नावांना धड मेळ का नाही, असं नवशिक्या विचारतो, त्याचं एक उत्तर या खणांत आहे.

१९९७मध्ये इस्राएलच्या टेक्निऑन विद्यापीठातल्या झीव सुरास्की आणि अँडी गटमन्स या विद्यार्थ्यांनी भाषेचा पाया उकरून नव्याने बांधला. जून १९९८मध्ये तिसरी आवृत्ती आली. नावाची फोडही बदलली: पीएचपी म्हणजे ‘पीएचपी हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर’. नावाच्या पोटात पुन्हा तेच नाव. या दोघांनी एक हिब्रू खूणही मागे ठेवली. जोड-विसर्गासारख्या दिसणाऱ्या चार टिंबांच्या चिन्हाला त्यांनी कोडमध्ये नाव दिलं ‘पामायिम नेकुडोतायिम’, म्हणजे दोनदा दोन टिंबं. ते चिन्ह भलत्या ठिकाणी पडलं, किंवा पीएचपीला ते अपेक्षित जागी सापडलं नाही, की वर्षानुवर्षं पडद्यावर हेच शब्द झळकत. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा संगणकात काहीतरी शिरलं म्हणून वायर उपटली होती. चूक माझीच, एका नावाआधी लागणारं डॉलरचं चिन्ह विसरलो होतो.

सीएसएसचं कूळ निराळं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत काम करणाऱ्या होकोन व्यूम ली या नॉर्वेजियन माणसाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक प्रस्ताव मांडला. पानाचा मजकूर एकीकडे, त्याचं रूप दुसरीकडे, अशी वाटणी त्यात होती. तीनच दिवसांनी नेटस्केपने आपला नवा ब्राउझर जाहीर केला. वेब आता शास्त्रज्ञांपुरतं राहणार नव्हतं आणि सजावटीची हौस दारात उभी होती.

लीच्या प्रस्तावातली एक कल्पना फार लोभस होती. पान लिहिणारा आणि वाचणारा, दोघांनीही रूपाबद्दल आपापलं म्हणणं मांडायचं, तेही टक्क्यांत. शीर्षकाचा आकार इतका हवा, पण माझा आग्रह चाळीस टक्के. उरलेले साठ पुढच्याला. मतं अशी पायऱ्यापायऱ्यांनी खाली झिरपणार, म्हणून नावात ‘कॅस्केडिंग’. टक्के पुढे गळाले, पायऱ्या राहिल्या. बर्ट बोस हा डच माणूस लीच्या जोडीला आला आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी पहिली सीएसएस अधिकृत झाली.

अधिकृत झाली तरी नांदायला वेळ लागला. ब्राउझर नियम आपापल्या मर्जीने पाळत, म्हणून कारागीर तक्त्यांच्या खणांत अदृश्य चित्रं कोंबून पानं सरळ करत. २००३मध्ये डेव्ह शे याने ‘सीएसएस झेन गार्डन’ हे संकेतस्थळ उभारलं. मजकूर तोच, पानाचा सांगाडा मांडणारी एचटीएमएल तीच, फक्त सीएसएसची फाइल बदलायची. तेच पान कधी बाग दिसे, कधी जुनं भित्तिपत्रक. तेव्हा कुठे अनेकांना वाढपाचं महत्त्व पटलं.

आता स्वभाव. पीएचपीत एक अर्धविराम विसरा, पानाच्या जागी चूक झाल्याचा निरोप येतो, नाहीतर पांढरा पडदा. सीएसएसमध्ये रंगाचं नाव चुकवा, ती चकार शब्द काढत नाही. ती ओळ सोडते आणि पुढच्या ओळीला लागते. हा ढिसाळपणा नव्हे, मुद्दाम घातलेला नियम आहे. उद्या नवा गुणधर्म आला तर जुन्या ब्राउझरने अडून बसू नये, न समजलेलं वगळून पुढे जावं, यासाठी तो आहे. त्याची किंमत मात्र शिकणारा भरतो: चूक कुठे झाली हे पान आपणहून सांगत नाही.

फुकटपणाचंही तसंच. पीएचपी हा कुणीतरी लिहून देऊन टाकलेला प्रोग्रॅम आहे. तो उतरवून घ्यावा लागतो, चालवावा लागतो. त्यासाठी २००२पासून झॅम्प नावाचं तयार गाठोडं मिळतं, त्यात अपाची सर्व्हर आणि डेटाबेसही येतात. सीएसएस म्हणजे लिहून ठेवलेली रीत, आणि ती पाळायचं काम प्रत्येक ब्राउझर आपापल्या घरी करतो. ती उतरवून घ्यावी लागत नाही. २०११मध्ये ट्विटरमधल्या दोघांनी खुली केलेली बूटस्ट्रॅप उतरवली तरी हाती येतं ते बरंचसं याच रितीने आधी लिहून ठेवलेलं वाढप. म्हणून दोघींतली चांगली कोण, हा प्रश्न चुलीला आणि ताटाला शेजारी बसवण्यासारखा आहे. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी ही रीत मोडली तर आजी नाक मुरडेल, पण कुणी उपाशी उठणार नाही. चूल विझली तर पंगतच उठते.

पडताळा घ्यायचा तर ९ एप्रिलला घ्यावा. २००६पासून काही हौशी मंडळी वर्षातून एक दिवस आपल्या संकेतस्थळांवरची सीएसएस काढून ठेवतात, हल्ली तो दिवस हाच. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, निळे दुवे, सगळं एकाखाली एक. वाचता मात्र सगळं येतं. पीएचपी काढून ठेवायचा दिवस कुणी पाळत नाही.